मुंबईत पहिली नोकरी: मावशीकडे, हॉस्टेलला, पीजीत की मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर?

ऑफर लेटर आलं की घरात पहिला प्रश्न पगाराचा आणि दुसरा लगेच, "पण राहणार कुठे?" पहिल्याचं उत्तर कागदावर असतं. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं: कुणाची आत्या डोंबिवलीला, कुणाच्या मैत्रिणीची बहीण अंधेरीला पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून), आणि बाबांचं एक ठाम मत. कोल्हापूर, लातूर किंवा नागपूरहून पहिल्यांदा नोकरीला येणाऱ्या मुलीसमोर वाटा मात्र चारच असतात. नातेवाइकांचं घर, नोकरदार महिलांचं हॉस्टेल, पीजी, नाहीतर दोघीतिघींनी मिळून घेतलेला फ्लॅट.

बहुतेक जणी तुलना भाड्यावरून करतात. माझ्या मते जागा दोन दिवसांवरून पारखावी: ऑफिसातून निघायलाच रात्रीचे साडेनऊ वाजतात तो दिवस, आणि "ही जागा आता सोडायची" असं ठरतं तो दिवस. भाडं तू आधीच विचारलेलं असतंस. या दोन दिवसांबद्दल कुणी आपणहून सांगत नाही.

आधी लाइन, मग खोली

किलोमीटर मोजू नकोस, गाड्या किती बदलायच्या ते मोज. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटरवर आहे, पण ऑफिस फोर्टात असेल तर ती एकच गाडी आहे आणि काही लोकल डोंबिवलीहूनच सुटतात, म्हणजे बसायला मिळण्याची आशा तरी असते. उलट मध्य रेल्वेवर राहून मालाडच्या ऑफिसला जायचं तर पश्चिम रेल्वेची गाडी पकडायला दादरचा पूल रोज दोनदा चढायचा. पावसाळ्यात ओल्या छत्र्यांसकट.

मेट्रोने या हिशोबात बरीच उलथापालथ केली आहे. २०१४ साली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि मध्य रेल्वेवरच्या मुलींना अंधेरी पूर्व जवळ आलं: घाटकोपरला उतरायचं, मेट्रोने मरोळ नाका. आता आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रोही ऑक्टोबर २०२५पासून पूर्ण चालू आहे. मरोळ नाक्याला या दोन मार्गिका भेटतात. अंधेरीची औद्योगिक वसाहत सीप्झ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वरळी, चर्चगेट सगळं त्या एका मार्गावर येतं. त्यामुळे "बीकेसीला ऑफिस म्हणजे बांद्रा किंवा कुर्ल्यालाच राहायला हवं" हा जुना सल्ला थोडा शिळा झालाय.

ऑफिस नवी मुंबईत, ऐरोली किंवा घणसोलीला असेल तर मुंबईत राहण्याचा हट्टच सोड. ठाणे–वाशी लाइनवर कुठेही राहा, पैसा आणि जीव दोन्ही वाचेल. मुळात गर्दीच्या उलट दिशेने जाता येईल अशी जागा मिळत असेल तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी घे. सकाळी सगळी मध्य रेल्वे सीएसएमटीकडे धावत असते, तेव्हा दादरहून ठाण्याला जाणारी बाई पुस्तक वाचत जाते.

मावशीचं घर

खर्चात याच्याशी कुणाची स्पर्धा नाही. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही, गरम पोळी आहे. आईबाबा निवांत. रात्री साडेनऊच्या कसोटीतही हे घर पास होतं, कारण कुणीतरी वाट बघत असतं आणि काका स्टेशनवर स्कूटर घेऊन येतात.

पण वाट बघणाऱ्या माणसाला उत्तरही द्यावं लागतं. मुंबईतलं घर म्हणजे बहुधा वन बीएचके, आणि तुझी झोपायची जागा हॉलमध्ये. म्हणजे मालिका संपून टीव्ही बंद होईपर्यंत तुझा दिवस संपत नाही. सकाळी पाणी ठरावीक वेळच येत असेल तर बाथरूमचा नंबर लागतो, आणि त्यात मावसभावाच्या कॉलेजपेक्षा तुझी ७:५२ची लोकल महत्त्वाची हे सांगायचं कुणी? रविवारी पाहुणे आले की तू "घरातलीच" असतेस. पोहे ढवळताना एकदम आठवतं की आठवडाभरातली ही एकच सुट्टी होती.

पैशाचं बोलणं पहिल्याच आठवड्यात उरकावं. "महिन्याला किती देऊ?" असं विचारलंस तर मावशी दुखावणार: "आपल्याच घरात पैसे देतेस होय गं?" त्यापेक्षा एखादं बिल आपल्याकडे घ्यावं. दूध माझं, किंवा सिलिंडर माझा. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि सहा महिन्यांनी "फुकट राहते" हे वाक्य कुणाच्या तोंडात येत नाही.

खरी अडचण दुसऱ्या कसोटीची. पीजी सोडताना नोटीस दिली की काम संपतं, मावशीचं घर सोडताना सगळ्या खानदानाला कारण द्यावं लागतं. म्हणून येतानाच मुदत सांगून यावं: "प्रोबेशन संपेपर्यंत राहते, मग ऑफिसजवळ बघते." मग निघताना त्याचं भांडण होत नाही. मुदत न सांगता राहायला गेलेल्या मुली लग्न ठरेपर्यंत तिथेच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. काही सुखात होत्या, हेही खरं.

हॉस्टेल

स्वस्त आणि सुरक्षित, पण मिळालं तर. केंद्र सरकारच्या मदतीने चालणाऱ्या नोकरदार महिलांच्या हॉस्टेलांची योजना आता ‘सखी निवास’ या नावाने चालते. तिथे महानगरात महिना ५०,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना प्रवेश मिळतो आणि भाडं पगाराच्या टक्क्यांत बांधलेलं असतं: एकटीची खोली असेल तर जास्तीत जास्त १५ टक्के, दोघींच्या खोलीला १०, डॉर्मिटरीला साडेसात. म्हणजे ३०,००० पगारावर दोघींच्या खोलीतली कॉट ३,००० रुपयांत; जेवणाचे वेगळे. मुंबईत या भावात कुणी गाडी पार्क करू देणार नाही. राहण्याची मुदत साधारण तीन वर्षं. याशिवाय वायडब्ल्यूसीएसारख्या जुन्या संस्थांची हॉस्टेलंही आहेत. त्यांचे नियम आणि दर आपापले.

अर्थात जागा थोड्या आणि रांग मोठी. ऑफर लेटर आलं त्याच दिवशी अर्ज करावा, रुजू झाल्यावर नव्हे. आणि फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नको, गेट किती वाजता बंद होतं हा हवा. लेट पास मिळतो का? त्यासाठी ऑफिसचं पत्र चालतं का? लोकल गार्डियन लागतो का? ज्यांची शिफ्ट ठरलेली, बँक, शाळा, सरकारी कचेरी, त्यांच्यासाठी याहून चांगली सोय नाही. जाहिरात एजन्सी किंवा चॅनेलमध्ये काम करणाऱ्या मुलीचं मात्र गेटशी रोज भांडण होईल.

पीजी

पीजी म्हणजे बॅग घेऊन यायचं आणि झोपायचं. एका किंवा दोन महिन्यांचं डिपॉझिट, वायफाय, गादी, कपाट, बहुतेक ठिकाणी जेवण. सोडायला महिन्याची नोटीस. शहर कळेपर्यंतचे पहिले काही महिने काढायला हा चांगला पर्याय, कारण चूक झाली तरी स्वस्तात सुटका होते.

वाईट गोष्टीही सगळ्यांना ठाऊक आहेत. फोटोत दोन कॉट आणि प्रत्यक्षात चार. "होमली फूड" म्हणजे आठवड्यातून चारदा बटाटा. मालकीणबाईंना व्हेज हवं असेल तर मालवणच्या मुलीचे हाल. डिपॉझिट परत देताना रंगाचे, साफसफाईचे पैसे कापले जातात. म्हणून नोटीस किती दिवसांची आणि काय कापणार हे पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावं. तोंडी "बघू ना बेटा" याला काही किंमत नाही. आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या एखाद्या मुलीशी मालकीण समोर नसताना पाच मिनिटं बोलावं. ती जे सांगेल ते कुठल्याच जाहिरातीत नसतं.

फ्लॅट

स्वातंत्र्य इथेच, आणि सगळ्यात जास्त पैसाही सुरुवातीलाच इथे जातो. समजा तिघींनी मिळून ३६,००० भाड्याचा फ्लॅट घेतला, डिपॉझिट १ लाख, ब्रोकरला एका महिन्याचं भाडं. प्रत्येकीचा पहिल्या महिन्याचा वाटा: भाडं १२,०००, डिपॉझिट ३३,३३३, ब्रोकरेज १२,०००. झाले ५७,३३३, आणि अजून गादी, गॅस, बादली यायचीय. पहिला पगार महिना भरल्यावर येणार, तोपर्यंतचं जेवण आणि पास वेगळे. हे पैसे घरून येणार असतील तर ठीक. कर्ज काढून हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशोब करताना सीटीसी (कंपनी तुझ्यावर करणार तो एकूण खर्च) विसर, हातात येणारा आकडा धर. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफही मोजलेला असतो आणि तुझ्या वाट्याचा पगारातून कापला जातो. एक छोटी सवलत: महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. त्यावर असेल तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००.

करारनाम्याकडे दुर्लक्ष नको. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याचा नेहमीचा करार, बहुधा ११ महिन्यांचा असतो, आणि "११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" असं म्हणणारा मालक किंवा ब्रोकर हमखास भेटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवून दाखवावं लागतं. हे एकदा शांतपणे सांगितलं की नोंदणी होते. खर्चही डोंगराएवढा नाही: एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, त्यात डिपॉझिटचं थोडं, आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी. वरच्या उदाहरणात सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास, वर एजंटची फी. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं. करारात तिघींची नावं हवीत. एकीच्याच नावावर असेल तर डिपॉझिटही कागदोपत्री तिचंच.

सोसायट्यांचं काय सांगावं! मुलांपेक्षा मुलींना जागा लवकर मिळते, पण पाठोपाठ नियमांची यादी येते: भाऊ आला तरी रजिस्टरमध्ये सही, रात्री दहानंतर पाहुणा नको. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे जागा भाड्याने देताना मालकाने सोसायटीला फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. तरी सेक्रेटरी काका "मीटिंग" घेतातच. या मीटिंगला जावं, गोड बोलावं, आणि आपल्याला न झेपणारा नियम असेल तर डिपॉझिट देण्याआधी दुसरं घर बघावं.

सोडण्याच्या दिवशीचा प्रश्न इथे वेगळाच असतो, कारण बहुतेक वेळा तू नाही, तिसरी मैत्रीण सोडते. लग्न ठरतं, बदली होते, पुण्याला नोकरी लागते. "जी जाईल तिने बदली मुलगी आणून द्यायची, नाहीतर एका महिन्याचं भाडं" हे पहिल्या दिवशी हसतखेळत ठरवलं की नंतर मैत्री शाबूत राहते. लॉक-इनचं कलम, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही, तेही वाचावं.

साडेनऊची रात्र

याबाबत ऑफिसवरही काही जबाबदारी आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला काम द्यायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय कंपनीने करायची. रुजू होतानाच एचआरला विचार: कॅब किती वाजल्यापासून मिळते, आणि कुठपर्यंत? काही कंपन्या विशिष्ट हद्दीबाहेर सोडत नाहीत, आणि तुझी खोली त्या हद्दीच्या एका स्टेशनपलीकडे असते.

लोकलने यायचं असेल तर लेडीज डब्यावरची पाटी वाच. काही डबे चोवीस तास राखीव असतात, काही ठरावीक वेळेपुरतेच. रात्री उशिरा त्या दुसऱ्या डब्यात पुरुष बसलेले दिसले तर त्यांची चूक नसते. संध्याकाळी बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार लोकलमध्ये चढू नये (पुढे जाणाऱ्यांच्या गर्दीत उतरता येत नाही), हे कायद्यात नाही पण कायद्याहून कडक आहे. आणि स्टेशनपासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर बघ. बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही. दादर-परळला टॅक्सी, बस किंवा पाय. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ आहे. रोज लागणार असेल तर महिन्याच्या भाड्यात ते मिळवूनच तुलना कर.

माझा कौल असा. पगार ३०,००० च्या खाली आणि वेळ ठरलेली असेल तर हॉस्टेलसाठी जीव तोडून प्रयत्न कर. ते मिळेपर्यंत मावशी, मुदत सांगून. शिफ्ट बदलती असेल तर ऑफिसच्या लाइनवरची पीजी. फ्लॅटचं पहिलं वर्षभर मनातही आणू नकोस, अपवाद एकच: कॉलेजपासूनच्या मैत्रिणी आधीच राहताहेत आणि एक कॉट रिकामी आहे. तिथे लगेच जा, कारण ब्रोकरेज वाचतं आणि भांडी आधीच घेतलेली असतात.

काहीही ठरव, पण जागा बघायला रविवारी दुपारी जाऊ नकोस. रविवारी मेगाब्लॉक असतो (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या कमी), रस्ते रिकामे असतात, आणि ब्रोकरला तोच दिवस आवडतो. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी सातला ऑफिसच्या स्टेशनवरून निघ, गर्दीतून त्या खोलीपर्यंत जा, आणि मगच डिपॉझिटचे पैसे दे.