सह्याद्री दिसत होती आणि म्हणे कार्ड जळलंय

गेल्या पावसाळ्यात नेटवाल्यांनी आमचा राउटर बदलला आणि सेट-टॉप बॉक्सवरची ॲपं बंद पडली. पडद्यावर एकच ओळ, नेटवर्क नाही. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. खाली उतरलं की दुकानंच दुकानं, म्हणून ओळखीपाळखीतून एका मेकॅनिकला बोलावलं.

त्याने रिमोट हातात घेतला, टीव्हीसमोर असा उभा राहिला की मला त्याची पाठच दिसावी, आणि दोन मिनिटांत निदान सांगितलं, "काका, नेटवर्क कार्ड बळी गयुं छे." आता डिशचे चॅनेलही जातील म्हणाला. त्याच्या खांद्यावरून मला सह्याद्रीवरच्या बातम्या दिसत होत्या. आमची ही म्हणालीसुद्धा, "जळलंय तर हे कसं दिसतंय?" मी तिलाच गप्प केलं.

बॉक्समागे त्याने बोटाच्या पेराएवढा, वायफाय पकडणारा डोंगल खोचला. त्याचे १,८५० आणि येण्याचे ३५० रुपये घेतले. ॲपं सुरू झाली. जाताना विचारलं, "घरात मोबाइल किती?" मला वाटलं, पोरगा आपुलकीने चौकशी करतोय.

पुढे लाइट जाऊन आली की ॲपं बंद. मी फोन करायचा, तो यायचा, पाठ करून उभा राहायचा, ३५० घेऊन जायचा. असं तीनदा झालं.

दिवाळीत भाची आली. बॉक्सच्या सेटिंगमध्ये नेटवर्क उघडून तिने मला शेजारी बसवलं. आयपी ॲड्रेस 'मॅन्युअल' होता, १९२.१६८.१.८. तिने माझा मोबाइल उघडला, त्यातही तोच आकडा. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आपणहून एकेक पत्ता वाटतो. त्या मेकॅनिकने बॉक्सला त्याच रांगेतला पत्ता हाताने चिकटवून ठेवला होता. लाइट गेली की राउटर नव्याने वाटणी करतो, कधीतरी तोच पत्ता मोबाइलला देतो आणि दोघांची टक्कर होते. पत्ता बांधायचाच तर राउटरच्या वाटणीबाहेरचा घेतात, हे त्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असणारच. एकदा झालं असतं तर चूक म्हटलं असतं. पण वहीत मी लिहून ठेवलं होतं, पहिल्यांदा पडद्यावर शेवटी ५ पाहिला होता. म्हणजे दर खेपेला फक्त शेवटचा आकडा पुढे सरकत होता.

भाचीने 'ऑटोमॅटिक' दाबलं. मग डोंगल उपटून काढला. ॲप चालूच राहिलं, कारण वायफाय बॉक्सच्या पोटातच होतं. मुळात बिघाड एवढाच की बॉक्सला जुन्या राउटरचा पासवर्ड पाठ होता, तो मेकॅनिक येईपर्यंत नवा कुणी दिलाच नव्हता.

डिशचे चॅनेल उपग्रहावरून येतात, ॲपं नेटवरून. ते लागत असतील आणि ही बंद असतील, तर आधी वायफायचा पासवर्ड तपासा. तरी कुणाला बोलावलंतच तर रिमोट आपल्या हातात ठेवा, आणि सेटिंगचा फोटो त्याने हात लावण्याआधी काढा, नंतरही काढा. आमच्या घरात हे काम आता हिच्याकडे आहे.

डोंगल घेऊन मी त्या मेकॅनिकच्या दुकानात गेलो. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "वापरलेला माल परत घेत नाही, काका."