अंदमानच्या पॅकेजमध्ये आमचे दीड लाख कसे गेले

माझ्या सासऱ्यांनी, दादांनी, एसटीत ३४ वर्षं काढली. त्यांनी समुद्र पाहिला तो एकदाच, गणपतीपुळ्याला, तोही गाडी घेऊन गेले होते तेव्हा. सासूबाईंना सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची होती. म्हणून आम्ही नवराबायकोनं साठवून अंदमान ठरवलं. चार माणसं, पाच रात्री, विमानासकट माणशी ३८ हजार.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस होतं. भिंतीवर राधानगर बीचचा मोठा फोटो. फार स्वस्त सांगितलं असतं तर शंका आली असती, पण दर बाकीच्यांपेक्षा जेमतेम दोन हजारांनी कमी होता. शिवाय त्या एजंटला माहिती होती. हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झालंय, तिथं जायच्या बोटीची तिकिटं हंगामात आधी काढावी लागतात, हे सगळं त्यानं बरोबर सांगितलं. ५२ हजार आगाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी पीएनआर, म्हणजे विमानाच्या तिकिटाचा बुकिंग नंबर, आला. मी स्वतः विमान कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला. पुणे, चेन्नई, पोर्ट ब्लेअर, चौघांची नावं, सगळं जिथल्या तिथं. त्याच रात्री उरलेले एक लाख यूपीआयनं पाठवले. खातं कंपनीचं नव्हतं, कुणा बाईच्या नावाचं बचत खातं होतं. विचारलं तर म्हणाला, "ताई, जीएसटी वाचतो तुमचा." तिथं मी थांबायला हवं होतं.

पुणे विमानतळावर पहाटे साडेतीनला काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, हे बुकिंग अकरा दिवसांपूर्वीच रद्द झालंय. दादांच्या हातात शेंगाची चटणी आणि कडक भाकरीची पिशवी होती. ते एवढंच म्हणाले, "चला, घरी जाऊ." मला ते अजून आठवतं आणि झोप लागत नाही.

नंतर कळलं ते असं. तिकिटं खरी होती, पण बुकिंगवर मोबाइल आणि ईमेल त्याचा होता. आमचे पूर्ण पैसे मिळाल्यावर त्यानं ती रद्द केली. रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच गेला आणि परतावाही त्यालाच मिळाला, कारण विमान कंपनीला पैसे त्यानं भरले होते. हॉटेलला फोन केला तर आमच्या नावानं तिथं खोलीच नव्हती. हॉटेल बुकिंगचं म्हणून दिलेलं व्हाउचर त्यानं घरी बनवलेलं होतं.

म्हणून सांगते, पीएनआर एकदा तपासून भागत नाही. बुकिंगवर तुमचाच मोबाइल आणि ईमेल घालायला लावा, निघेपर्यंत अधूनमधून बघत राहा. जमलं तर विमानाचं तिकीट स्वतःच काढा आणि एजंटकडून फक्त राहण्याफिरण्याचं घ्या. हॉटेलचा नंबर व्हाउचरवरून घेऊ नका, स्वतः शोधून फोन करा.

आणि आमच्यासारखे दिवस घालवू नका. तो "परतावा येतोय, तक्रार केली तर पैसे अडकतील" म्हणत राहिला आणि आम्ही तीन दिवस वाट पाहिली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता येतात. आम्ही कळवलं तोवर त्या खात्यात ४१०० रुपये उरले होते.

आता सोलापूरच्या ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. चॅट, यूपीआयच्या पावत्या, पीएनआरचा स्क्रीनशॉट, हे सगळं मी जपून ठेवलं होतं म्हणून कागद उभे राहिले. ऑफिसला कुलूप आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, आमच्याआधी आणखी दोन कुटुंबं विचारत आली होती. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर तुम्हीही तक्रार करा.