टीबी रुग्णांची आरोग्यसाक्षरता मोजायची, तर कोणती प्रश्नावली घ्यावी?

आरोग्यसाक्षरता म्हणजे आरोग्याची माहिती शोधणं, समजणं, पारखणं आणि वापरणं. प्रबंधासाठी किंवा तालुक्यापुरत्या छोट्या पाहणीसाठी हा विषय घेतलात, की शोधाशोध करून शेवटी बहुधा दोन पर्याय हातात उरतात. एक, युरोपातल्या मोठ्या पाहणीतून आलेली 16 प्रश्नांची एचएलएस-ईयू-क्यू16. दुसरी न्यूएस्ट व्हायटल साइन, म्हणजे आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल हातात देऊन 6 प्रश्न. रीअल्म नावाची तिसरी चाचणी मी आधीच बाजूला ठेवली होती. त्यात 66 वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचायला लावतात आणि इंग्रजीत स्पेलिंगवरून उच्चार कळत नसल्याने त्याला अर्थ आहे. देवनागरीत चौथी शिकलेला माणूसही ‘पायराझिनामाइड’ हे टीबीच्या औषधाचं नाव अडखळत का होईना वाचतोच. त्यावरून त्याला काय कळलं, ते समजत नाही.

क्यू16 ची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. तोंडी विचारता येते, त्यामुळे निरक्षर रुग्ण बाहेर राहत नाही. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला कधी घ्यावा, बातम्यांतल्या माहितीवर विश्वास ठेवावा का, असे कामाचे प्रश्न तिच्यात आहेत. आकडे इतर देशांशी ताडून पाहता येतात, हे गाइडना आवडतं. मात्र वापरण्याआधी परवानगी मागावी लागते.

माझं घोडं अडलं ते ‘सोपं’ या उत्तरापाशी. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसाने आरोग्य केंद्राच्या आवारात विचारलं, ‘डॉक्टर सांगतात ते समजायला सोपं जातं की अवघड?’ रुग्ण काय म्हणणार? ‘सोपंय की, मॅडम चांगलं सांगतात.’ गोळ्या जिथून मिळतात तिथली तक्रार कोण करेल? फार सोपं, सोपं, अवघड, फार अवघड अशा चार पायऱ्या आपण घसा कोरडा करून समजावतो आणि गुण देताना पहिल्या दोन एकत्रच धरून एक गुण, बाकी दोन्हींना शून्य. हे एक वेळ चाललं असतं. पण उपचारांची माहिती ज्याने कधी शोधलीच नाही, तोही बिनदिक्कत ‘सोपं’ म्हणतो. आणि जी बाई खाजगी दवाखाना, सरकारी केंद्र, निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतलं खातं असे हेलपाटे घालून सगळं शिकली, ती म्हणते, ‘अवघड हो, फार अवघड.’ कागदावर ती 16 पैकी 8 किंवा त्याहून कमी, म्हणजे अपुऱ्या साक्षरतेच्या रकान्यात. आणि तो 13 किंवा त्याहून जास्त, पुरेशी साक्षरता असलेला. मला हे शेवटपर्यंत पचलं नाही.

आइस्क्रीमच्या लेबलात ही पळवाट नाही. उत्तर येतं किंवा येत नाही, आणि काम काही मिनिटांत उरकतं. पण अख्खा डबा खाल्ला तर कॅलरी किती, हे रोजंदारीवरच्या माणसाला विचारताना आपल्यालाच ओशाळं होतं. शिवाय वाचता न येणारे सगळे शून्यावर जमतात, त्यांच्यातला फरक दिसत नाही.

तरी माझा कल याच जातीकडे झुकला. फक्त आइस्क्रीमच्या जागी रुग्णाची स्वतःची गोळ्यांची स्ट्रिप ठेवायची. वजन 48 किलो असताना रोज तीन गोळ्या. वजन 50 किलोच्या वर गेलं तर किती? दोन महिन्यांनी स्ट्रिप बदलते, म्हणजे औषध वाढतं की कमी होतं? लघवी नारिंगी झाली तर काय कराल, आणि डोळे पिवळे झाले तर? पहिलं रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे होतंच, घाबरायचं कारण नाही. दुसऱ्याला त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हा भेद ज्याला सांगता येतो, त्याचं ‘सोपं’ मी मानतो. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला रिफाम्पिसिनमुळे त्यांचा असर घटतो हे ठाऊक आहे का, हेही विचारावं; मात्र सासूबाई शेजारी नसताना.

परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून प्रश्न उलटा करायचा: ‘काका, मी नीट सांगितलं की नाही ते बघतोय. घरी काकूंना कसं सांगाल?’ बऱ्याचदा काकूच मध्ये बोलतात. त्यांना गप्प करू नका. गोळ्या त्याच काढून देत असतील तर त्यांचं उत्तर वेगळ्या रकान्यात लिहा. सोपं-अवघडच्या प्रश्नावलीत हेच मध्ये बोलणं नुसता अडथळा ठरतं.

अर्थात स्ट्रिपचे प्रश्न घरचे आहेत. ते प्रमाणित करण्याची मेहनत तुमच्या माथी येईल, परीक्षक ‘आधी कुणी वापरलेत?’ म्हणून अडवतील, आणि रुग्ण माहिती शोधतो कशी, पारखतो कशी, हे त्यांतून फारसं कळत नाही. छापील निबंधच हवा असेल आणि वेळ कमी असेल तर क्यू16 घ्या, मी वाईट म्हणणार नाही. जमलं तर दोन्ही घ्या, पण सोपं-अवघड आधी उरका. स्ट्रिप आधी पुढे केली की माझ्या अनुभवात ‘सोपं’ म्हणणारे भराभर कमी होतात, आणि मग तुमचा आकडा कुणाशीच ताडता येत नाही.