सात महिने मांडीवर चेकलिस्ट: सेसना 152 वरचा अनुभव

सेसना 152 या छोट्या दोन आसनी विमानावर उड्डाण शिकायला लागून सात महिने झाले, पन्नासेक तास उड्डाण झालं, आणि यातला बहुतेक काळ मांडीवरच्या नीबोर्डला (मांडीला पट्ट्याने बांधायची छोटी पाटी) एकच कार्ड अडकवलेलं होतं. विकतची, ए-5 आकाराची, दोन्ही बाजूंनी छापलेली, लॅमिनेट केलेली चेकलिस्ट. आधी मी विमानाचं हँडबुकच घेऊन बसायचो. पण 152 मध्ये दोघं बसले की खांद्याला खांदा घासतो, तिथे पानं कसली उलटताय!

तक्रार पहिल्याच दिवशी निघाली. कार्डावर लिहिलेलं, 'फ्युएल सिलेक्टर: बोथ'. म्हणजे इंधन दोन्ही टाक्यांतून घ्या. पण 152 मध्ये टाकी निवडायचा सिलेक्टर नसतोच. एकच शटऑफ व्हॉल्व्ह, ऑन नाहीतर ऑफ. ती ओळ सेसना 172 या चार आसनी विमानाच्या कार्डावरून उचललेली होती. रन-अपमध्येही, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन जोरात चालवून करायच्या तपासणीत, नुसतं 'मॅग्नेटो: चेक'. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र, ते दोन असतात. अहो, पण बघायचं काय? 1700 आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) एकेक मॅग्नेटो बंद करून पाहताना घट 125 पेक्षा जास्त नको आणि दोन्हींतला फरक 50 च्या वर नको, हे आकडे हवेत. शेवटी एक संध्याकाळ घालवून विमानाच्या हँडबुकशी ओळ न् ओळ ताडून पाहिली, चुकीचं खोडलं आणि इन्स्ट्रक्टर सरांकडून तपासून घेतलं.

खरी गंमत पुढे झाली. रन-अप चालू होता, कार्ब हीट (कार्बोरेटरमध्ये बर्फ साचू नये म्हणून गरम हवा सोडणारा खटका) ओढून आरपीएम पडतोय हे पाहिलं, तेवढ्यात विमानतळाच्या टॉवरने हाक मारली. उत्तर देऊन नजर परत कार्डावर आली ती दोन ओळी खाली. कार्ब हीट ओढलेलीच राहिली. रनवेवर फुल थ्रॉटल दिला तरी विमान जड जड वाटत होतं, आरपीएमही नेहमीपेक्षा कमी. गरम हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते, हे पाठ होतं. त्या क्षणी सुचलं मात्र नाही. सरांनी थ्रॉटल मागे घेतला, रनवे सोडल्यावर फक्त माझ्या कार्डावर बोट ठेवलं. तेव्हापासून अंगठा चालू ओळीवर ठेवतो आणि मध्ये कोणी बोललं तर तो भाग पहिल्या ओळीपासून पुन्हा. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

दुसरी सवय मोडायला जास्त वेळ लागला. वीस-पंचवीस तासांनंतर कार्ड तोंडपाठ होतं आणि तोंड हाताच्या पुढे धावतं. मी 'अल्टिमीटर सेट', म्हणजे उंचीमापक जुळवलाय, असं खणखणीत म्हटलं. सरांनी मघाशीच त्याचा हवेच्या दाबाचा नॉब गुपचूप 10 हेक्टोपास्कलने फिरवून ठेवला होता. म्हणजे उंचीत जवळपास 270 फुटांची चूक, आणि मी काट्याकडे पाहिलंही नव्हतं. आता 'सेट' म्हणत नाही, आकडा वाचतो.

इंजिन बंद पडल्याचा सराव करताना कार्डाला हातच लावायचा नाही. आधी नाक खाली, वेग 60 नॉट, उतरायची जागा. मग कार्ब हीट, प्रायमर (इंजिन सुरू करताना इंधन देणारा हातपंप), इंधन, मिक्स्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो, हे पाठच हवं. वेळ उरला तर कार्ड, काही सुटलं का ते बघायला. जिन्नस चांगली असली तरी इथे तिच्यावर विसंबणं घातकच.

छपाईबद्दल एक. आपत्कालीन बाजू लाल अक्षरांत आहे, दिसायला झकास. रात्रीच्या पहिल्या उड्डाणात लाल टॉर्च लावला आणि ती बाजू कोरी! लाल प्रकाशात लाल शाई दिसत नाही, हे छापणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. दिवसा लॅमिनेशन उन्हात चमकतं, तेव्हा कार्ड तिरकं धरावं लागतं.

घ्यावं का? घ्या, पण तुमच्याच मॉडेलचं, आणि पहिल्या उड्डाणाआधी हँडबुकशी ताडून. माझं आता घरी असतं, खुर्चीत बसून सराव करायला. नीबोर्डवर मी स्वतः टाइप केलेला कागद आहे, मॅट कव्हरमध्ये, सगळी अक्षरं काळी.