क्योटोत हाताने राकू चावान बनवायचा क्लास केला, कसा आहे ते सविस्तर

क्योटोला जाणार असाल आणि पॉटरीत थोडासाही इंटरेस्ट असेल तर राकू पद्धतीचा चावान, म्हणजे माचा (पूड केलेला जपानी हिरवा चहा) प्यायचा बोल किंवा वाडगा, हाताने बनवायचा क्लास नक्की करा. पण बुकिंगच्या आधी नीट चौकशी करा हं, कारण एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एक तासा-दीड तासाचा टुरिस्टवाला, त्यात तुम्ही नुसता आकार द्यायचा आणि पुढचं सगळं स्टुडिओवाले करतात. दुसरा दोन सेशनचा, त्यात माती जरा आवळली की परत जाऊन तासकाम स्वतः करायचं. मी एका छोट्या स्टुडिओत हा दुसरा केला आणि माझ्या मते खरं शिकणं तिथेच आहे.

चाक नसतंच यात. मातीची जाड चकती घ्यायची आणि तळव्यांनी दाबत, फिरवत फिरवत कडा वर आणायच्या, भिंत मुद्दाम जाडच ठेवायची कारण नंतर तासायची असते. पण माती हातात द्यायच्या आधी शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना माचा घुसळायला लावला आणि प्यायला दिला, हे मला फारच आवडलं. आतून तळ गोलसर का हवा, चासेन (माचा घुसळायची बांबूची रवी) फिरायला जागा किती लागते, मधोमध शेवटचा घोट साचायला हलका खळगा का ठेवतात, काठ ओठाला कसा लागतो, हे कुणी तासभर बोलून सांगितलं असतं तरी एवढं कळलं नसतं.

दुसऱ्या सेशनला वाकवलेल्या लोखंडी पातीने आतून-बाहेरून माती काढायची आणि बोल उपडा करून बुडाची बैठक कोरायची. बाई इंग्रजी मोजकंच बोलतात, पण थोड्या थोड्या वेळाने डोळे मिटून बोल दोन्ही हातांत धरायला सांगायच्या, आणि खरंच, डोळ्यांना दिसत नाही ते वजन हाताला लगेच कळतं, जिथे जड लागेल तिथेच तासायचं. काठ अगदी सरळ करायला गेलं की हात धरून थांबवायच्या, तो किंचित वर-खाली राहिलाच पाहिजे म्हणे.

चोजिरो या कुंभाराने १६व्या शतकाच्या शेवटी चहा-विधीचे गुरू सेन नो रिक्यू यांच्या चहासाठी असे बोल घडवायला सुरुवात केली, आज त्याच्या राकू घराण्याची सोळावी पिढी हेच काम करतेय. १९७८ साली सुरू झालेलं राकू म्युझियम क्योटोतच आहे, जमलं तर क्लासच्या आधी बघून या, हातात माती घेतल्यावर त्याचा फार उपयोग होतो.

आता तक्रार. जाहिरातीत लालबुंद बोल चिमट्याने भट्टीतून काढतानाचा फोटो आहे, त्यामुळे भाजणी बघायला मिळेल असं कुणालाही वाटणारच, पण ती नंतर होते आणि हे बुकिंग करताना कुठेच लिहिलेलं नव्हतं. काळ्या राकूत तेच तर मुख्य आहे, साधारण १२०० डिग्रीच्या आसपास ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) वितळलेलं असतानाच बोल बाहेर ओढतात आणि झटक्यात थंड झाल्यामुळे तो काळा रंग येतो, चिमट्याची खूणसुद्धा राहते. एवढी मोठी गोष्ट आधी सांगायलाच हवी होती. भाजलेल्या बोलचं पार्सल घरी यायला पण खूप वेळ लागला आणि मेलला उत्तर यायला त्याहून जास्त. (भुशात टाकून धूर करायचा जो प्रकार यूट्यूबवर दिसतो तो अमेरिकेत १९६०च्या दशकात रुजला, क्योटोच्या पद्धतीत तो नाही, तेव्हा त्या अपेक्षेने जाऊ नका.)

तरीपण पाचपैकी चार स्टार, आणि तो कापलेला एक फक्त माहिती लपवल्याबद्दल. शिकवण्यात काहीही कमी नाही.

बोल घरी आला की वापरायच्या आधी दर वेळी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, माती सच्छिद्र असते. डिशवॉशर आणि साबण नको, आणि पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात बंद करू नका, नाहीतर कुबट वास धरतो.