हॉकी हॉल ऑफ फेम, टोरांटो: माँट्रियल कॅनेडियन्सच्या आरंभकाळासाठी आवर्जून पाहावे असे संग्रहालय

टोरांटोत यंग आणि फ्रंट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर बँक ऑफ माँट्रियलची १८८५ साली बांधलेली जुनी इमारत आहे. हॉकी हॉल ऑफ फेमचे मुख्य दालन तिथेच, रंगीत काचांच्या घुमटाखाली आहे. अखंड चालत आलेला सर्वांत जुना व्यावसायिक आइस हॉकी संघ, म्हणजे माँट्रियल कॅनेडियन्स, कसा घडला हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांनी मुलांच्या खेळांकडे वळण्याआधी या दालनात जावे.

फ्रेंच भाषकांचा स्वतःचा संघ असावा या विचाराने खाणमालक अँब्रोज ओब्रायन यांनी ४ डिसेंबर १९०९ रोजी हा संघ काढला. पहिला हंगाम संपला तेव्हा संघ तळाला होता.

१९१० सालच्या डिसेंबरात क्वेबेकमधल्या शिकुटिमी गावचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना संघात आला आणि पुढची पंधरा वर्षे त्याने एकही सामना चुकवला नाही. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी अंगात ताप असताना तो बर्फावर उतरला, पण पहिल्या सत्रानंतर त्याला बाहेर पडावे लागले; चार महिन्यांनी क्षयाने त्याचा मृत्यू झाला. संघमालकांनी त्याच्या नावे उत्तम गोलरक्षकासाठी दिलेला करंडक या दालनात आहे. पहिल्यांदा तो मिळाला जॉर्ज हेन्सवर्थला, म्हणजे व्हेझिनाची जागा घेणाऱ्या गोलरक्षकालाच, हे कळल्यावर माझा पाय तिथून लवकर निघाला नाही.

बँकेच्या जुन्या तिजोरीत स्टॅन्ली कप, म्हणजे कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी हॉकी विजेत्यांसाठी १८९२ साली दिलेला मूळ चषक, ठेवला आहे. तो मध्यम पातेल्याएवढाच आहे, आणि चांदी ठिसूळ झाल्याने आता बक्षीस म्हणून दिला जात नाही. कॅनेडियन्सने तो १९१६ साली पोर्टलंडच्या संघाला मालिकेत ३-२ असे हरवून प्रथम जिंकला.

आज दिल्या जाणाऱ्या उंच चषकावर १९१९ सालापुढे मात्र विजेता नाही; कॅनेडियन्स आणि सिअ‍ॅटल या अंतिम मालिकेतल्या दोन्ही संघांची नावे आणि मालिका अपूर्ण राहिल्याची नोंद तेवढी कोरलेली आहे. फ्लूच्या साथीत कॅनेडियन्सचे खेळाडू अंथरुणाला खिळले, निर्णायक सामना रद्द झाला, सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षकांनी न खेळता चषक घेण्यास नकार दिला आणि ५ एप्रिल रोजी जो हॉल हा बचावपटू सिअ‍ॅटलमधल्याच रुग्णालयात वारला. ही ओळ शोधूनच वाचावी.