ब्रोलिओचा किल्ला: आधी तटावर, मग तळघरात

इटलीतल्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर गायोले गावाच्या डोंगराळ भागात ब्रोलिओ आहे. रिकासोली घराण्याकडे ही जागा 1141 पासून आहे. वाइनरी पाहायची म्हणून बहुतेक पर्यटक रस्त्यालगतच्या दुकानातच थांबतात, दोन ग्लास चाखतात आणि निघतात. तसं करू नका. वाइन आता खालच्या इमारतींत तयार होते, किल्ला वर टेकडीवर आहे. आधी वर जा.

तटावरून चालताना दोन वेगळे काळ स्पष्ट दिसतात. खालची दगडी, पंचकोनी तटबंदी 1478 च्या युद्धात किल्ला उद्ध्वस्त झाल्यावर फ्लॉरेन्सने तोफांचा विचार करून नव्याने बांधली. वरचा लाल विटांचा वाडा मात्र 19 व्या शतकातला आहे. एवढं जुनं घराणं आणि वाडा इतका नवा, हे अनेकांना खटकतं, पण तो बांधणारा बेत्तिनो रिकासोली हाच इथल्या क्यांती या लाल वाइनचा खरा कर्ता. एकसंध इटलीचा पहिला पंतप्रधान कावूर, त्याच्यानंतर पंतप्रधान झालेला हा माणूस वर्षानुवर्षं द्राक्षांच्या जातींवर प्रयोग करत होता. 1872 च्या पत्रात त्याने निष्कर्ष लिहिला: सुगंध आणि जोर सांजोवेझे या लाल द्राक्षाचा, त्याचा कडकपणा मऊ करायला कानायोलो हे दुसरं लाल द्राक्ष. पांढरी माल्वाझिआ फक्त लवकर प्यायच्या वाइनसाठी, मुरवायच्या वाइनमध्ये ती नको. पुढे 1967 च्या नियमांनी पांढरी द्राक्षं सक्तीची केली आणि क्यांती पातळ झाली. क्यांती क्लासिकोमधून (म्हणजे या जुन्या, मूळ भागातल्या क्यांतीमधून) ती 2006 च्या हंगामापासून पूर्ण बाद झाली. आता किमान 80 टक्के सांजोवेझे लागते.

वाड्यातले सगळे दिवाणखाने फिरायला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. बाग, तट, सान याकोपोचं छोटं चर्च आणि संग्रहालय यांसाठी दीड तास पुरतो. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेकडच्या तटावरून सिएनाचे मनोरे आणि आमिआता डोंगर दिसतो. जमीन खडीची आणि चढाची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये.

चाखायला बसल्यावर साध्या आन्नातापासून (नेहमीची क्यांती क्लासिको) सुरुवात करा, मग रिसेर्वा (किमान 24 महिने मुरवलेली), मग ग्रान सेलेत्सिओने (30 महिने). पैसे खर्च करायचे तर एकेका मळ्याच्या तीन ग्रान सेलेत्सिओनेंवर करा. तिन्ही निव्वळ सांजोवेझे, फरक फक्त मातीचा: कोल्लेदिला चुनखडीच्या आल्बेरेझे दगडावरची, रोंचिकोने जुन्या समुद्री गाळावरची, चेनिप्रिमो नदीच्या जुन्या गाळावरची. शेजारी शेजारी ग्लास ठेवून प्यायल्याशिवाय हा फरक कळत नाही. अकलूजच्या मळ्यातली सांजोवेझे ज्यांनी घेतली आहे, त्यांना इथली आंबट चेरीची धार आणि जिभेवरचा तुरटपणा जास्त जाणवेल. ते नुसत्या घोटाला कडक वाटतं, म्हणून सोबत मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज घ्या. कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण हे चीज बहुधा वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. रिबोल्लिता हे भाज्या-पावाचं दाट सूप छान, पण त्यातला रस्सा मांसाचा नाही ना, तेही विचारा.

चूक होते ती गाडीची. बस फार कमी, त्यामुळे लोक भाड्याची गाडी घेतात आणि चालकही सगळे ग्लास संपवतो. इटलीत चालकासाठी मर्यादा रक्ताच्या लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोल आहे आणि परवाना तीन वर्षांच्या आतला असेल तर शून्य. थुंकायचं भांडं टेबलावर त्यासाठीच असतं, वापरण्यात काहीही गैर नाही. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो.

बाटल्या आणताना हिशेब करा. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या, तिसरीवर मर्यादा ओलांडते. उन्हाळ्यात त्या डिकीत ठेवून दिवसभर फिरलात तर बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते, त्यामुळे खरेदी परतीच्या वेळीच.